कीपरची ओंजळ

"वाक जरा. अजून. हां. अंगठे आत घे, नाहीतर सांडेल."

वाकलो. दोन्ही तळवे चिकटवून ओंजळ केली, अंगठे आत घेतले, हात हनुवटीखाली धरले. समोर आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष उभे होते. कडक इस्त्रीचा कोट, कॉलेजचा टाय, हातात चांदीची झारी. त्यांनी झारी हातभर उंच धरली आणि कोकम सरबताची धार सोडली. अर्धं सरबत तोंडात गेलं. अर्धं मनगटावरून कोपराकडे आणि तिथून नव्याकोऱ्या ब्लेझरच्या बाहीत. हॉलमध्ये टाळ्या. मोबाइल वर. मागून कुणीतरी शिटी मारली.

माझ्या दोन्ही बाजूंना टीममधले बाकीचे दहा जण ओळीने उभे होते. ते कपातून पीत होते. दोन कानांचा जुना चांदीचा कप. एकाने घोट घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. दहा तोंडांचं उष्टं त्या कपातून फिरलं, कुणाला काही वाटलं नाही. कप माझ्याजवळ आला तेव्हा डावीकडच्याने हात लांब करून तो उजवीकडच्याला दिला. माझ्या छातीसमोरून. तो किती जवळून गेला ते मला अजून आठवतं.

आणि मला काय वाटलं, सांगू? मान वाटला. इतका मोठा मान की ती चिकट बाही मी घरी जाईपर्यंत धुतली नाही.

सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. अपमान कडू असता तर मी थुंकून टाकला असता. त्यांनी तो गोड करून पाजला आणि मी ढेकर दिला.

कॉलेजचं नाव घेत नाही. दक्षिण मुंबईत आहे, दगडी आहे, गिरगावातून चालत जाता येतं, एवढं पुरे. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांत वकील पुष्कळ आहेत.

तर या कॉलेजात प्रत्येक नव्या पोराला एक गोष्ट ऐकवतात. शंभरेक वर्षांपूर्वीची. गोऱ्यांचं राज्य होतं. मुंबईत फुटबॉल म्हणजे गोऱ्या पलटणींचा खेळ. आपल्या पोरांना मैदानाच्या कडेला उभं राहून बघायची मुभा, तीही कुणी हाकललं नाही तर. अशा दिवसांत आमच्या कॉलेजने टीम उतरवली. लोक हसले. मग ते हसायचे थांबले, कारण ही पोरं जिंकायला लागली. रेल्वेच्या साहेबांची टीम हरवली. गोदीतल्या गोऱ्यांची हरवली. फायनलला समोर अख्खी पलटण, पायात खिळ्यांचे बूट. आमच्या टीममधले निम्मे अनवाणी. गोलकीपर तर पूर्ण मोसम अनवाणी खेळला. फायनलला एका सोल्जरने बॉलऐवजी त्याच्या हातावर बूट ठेवला. दोन बोटं मोडली. तो गोल सोडून गेला नाही. मोडक्या हाताने त्याने शेवटचा शॉट बाहेर काढला आणि आमच्या कॉलेजने एका गोलने कप घेतला.

कॉलेजात याला नुसतं 'तो मोसम' म्हणतात. अध्यक्ष ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा गळा भरून येतो. आणि शेवट नेहमी एकच: "ज्या हातांनी कप आणला, त्या हातांचा मान वेगळा. म्हणून आपला कीपर कपातून पीत नाही. त्याच्या ओंजळीत आपण सरबत देतो." याला ते 'कीपरची ओंजळ' म्हणतात. फुटबॉलचा मोसम संपला की दर वर्षी हा कार्यक्रम होतो. तीच झारी, तोच कप, त्या वर्षीचा कीपर.

जिन्याजवळच्या भिंतीवर त्या टीमचा फोटो आहे. दहा जण खुर्च्यांवर, बाकांवर, खांद्याला खांदा लावून. कीपर एका टोकाला उभा. त्याच्या आणि शेजारच्या पोराच्या मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. हाताला फडकं बांधलेलं. त्या फोटोसमोरून मी रोज जायचो. मला वाटायचं, बोटं दुखत असतील, धक्का लागू नये म्हणून लांब उभा असेल. खरंच असं वाटायचं.

मी घोडपदेवचा. चाळीत वाढलो. वडील गोदीत कंत्राटावर. पोरं खेळायची तेव्हा बूट नसलेल्याला गोलात उभं करायची, म्हणून मी कीपर झालो. मग तिथेच जीव रमला. माझगावात चर्चच्या मागे ख्रिश्चन पोरं खेळायची, त्यांच्यात जायला लागलो. तिथे फर्नांडिस सरांनी मला पाहिलं. माझगावचेच ते, कॉलेजच्या टीमचे कोच. त्यांनीच मला खेळाच्या कोट्यातून या कॉलेजात आणलं. वर्गात इंग्रजी डोक्यावरून जायचं. कँटीनमध्ये पोरं सुट्टीत कुठल्या देशात गेलो ते बोलायची. पण गोलात उभा राहिलो की ती जागा माझी असायची. तिथून मला कुणी 'सरक' म्हणत नव्हतं. ती जागा मला श्वासासारखी लागायची.

त्या पहिल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईने कार्यक्रमाचा व्हिडिओ अख्ख्या मजल्याला दाखवला. मग फोन आजोबांकडे आला. माझे आजोबा, वडिलांचे वडील. वय ऐंशीच्या घरात. जन्मभर रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके ओढले, त्यामुळे गुडघे गेलेले. दिवसभर दारातल्या स्टुलावर बसून असतात. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून व्हिडिओ पाहिला.

"परत लाव."

लावला.

"पेला नव्हता काय रे तिथं?"

"होता ना आजोबा. कप होता. पण कीपरला हातात देतात. मान असतो तो."

आजोबांनी फोन खाली ठेवला. भिंतीला हात लावून स्टुलावरून उतरले आणि जमिनीवर उकिडवे बसले. कित्येक वर्षांत मी त्यांना खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. आई धावली, तिला हातानेच थांबवलं. मग त्यांनी तळवे चिकटवले, हात हनुवटीखाली नेले, कोपरं अंगाशी घट्ट धरली.

"असंच ना?" त्यांनी विचारलं. "आणि अंगठे आत घ्यायचे. न्हाईतर सांडतं. सांडलं तर दुसऱ्यांदा देत न्हाईत."

अंगठे आत घे. अध्यक्षांचे हेच शब्द.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या लहानपणी गावात आम्हाला दुसऱ्या नावाने हाक मारायचे, ती हाक म्हणजेच शिवी होती. आजोबांनी कधी गावाचं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. त्यांची आई खोताच्या शेतावर राबायची. पोर तहानलं की पडवीखाली जाऊन बसायचं. वरून खोताची बाई तांब्याने धार सोडायची. तांब्या हाताला लागता कामा नये, म्हणून उंचावरून. ती कंटाळली की धार थांबायची, तहान भागो न भागो.

"म्हणून पळालो म्या," आजोबा म्हणाले. "मुंबईत आलो. वखारीत नळ व्हता. पहिल्या दिवशी नळाला तोंड लावून प्यालो. पोट दुखंस्तोवर प्यालो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू कोट घालून तिथं वाकलास."

"आबा, पोराला काय बोलता?" आई म्हणाली.

"पोराला न्हाई बोलत मी."

त्यांना उठवायला आम्हा दोघांना धरावं लागलं. मी बाहेर गॅलरीत गेलो. अंगाला आग लागली होती. तो फोटो डोळ्यांसमोर आला. ती मधली मोकळी जागा. बोटं दुखत नव्हती त्याची. म्हणजे दुखत असणारच, पण लांब उभं राहण्याचं कारण ते नव्हतं. त्याने त्यांना कप आणून दिला आणि त्यांनी त्याला कपाला तोंड लावू दिलं नाही. वरून ओतलं. मोडक्या बोटांची ओंजळ करायला लावली. त्याला तहान लागली असेल. तो प्याला असेल. हे मनात आलं की आजही मी दातओठ खातो.

मी फर्नांडिस सरांना सांगितलं. ते गवताकडे बघत राहिले. "इतकी वर्षं बघतोय मी," ते म्हणाले. "कधी विचारच नाय केला, मॅन." ते खरं बोलत होते. त्यांना विचार करायची वेळ कुणी आणलीच नव्हती.

मग अध्यक्षांकडे गेलो. जिमखान्यात त्यांची खोली आहे. मला वाटलं होतं, ते चकित होतील. अरेरे म्हणतील. मी तयारी करून गेलो होतो समजावायची. मूर्ख मी.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. पांढऱ्या कपबशीत आला चहा. माझं बोलणं नीट ऐकलं. मग हसले.

"आम्हाला ठाऊक आहे बाळा. तो कुठल्या समाजाचा होता हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कप बाटू नये म्हणून त्या काळी वरून दिलं. काळच तसा होता. पण बघ, आपण त्यातून किती सुंदर परंपरा उभी केली. लाजेची गोष्ट होती, आपण तिचा मान केला."

ठाऊक होतं. त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आधीच्या अध्यक्षाला ठाऊक होतं, त्याच्या आधीच्यालाही. झारीबरोबर तेही हातातून हातात आलं होतं. अंगठे आत घ्यायला सांगायचं, हेही. गळा भरून आणणारी ती गोष्ट त्यांनी वर वर्ख लावायला रचली होती.

"मग आता कीपरला कप द्या," मी म्हणालो.

"अरे, मग परंपरा कुठे राहिली?"

"सर, मी नाही पिणार ओंजळीतून."

त्यांचं हसू गेलं. "हे बघ, तुला इथे कुणी काही कमी केलंय का? खेळात जात आणू नकोस."

मी जात आणली म्हणे. जात त्या झारीत होती, शंभर वर्षं त्यांनी ती पॉलिश करून ठेवली होती, आणि आणली मी. मी चहा न पिता उठलो.

आमचा कॅप्टन आदित्य, दादरचा. वडील बँकेत, आई शिक्षिका. चांगला पोरगा. माझा दोस्त. मॅचहून येताना आम्ही एक वडापाव अर्धा-अर्धा खायचो. माझा अर्धा माझ्या तोंडातून ओढून घ्यायचा तो, हसत. त्याला म्हटलं, तू बोल अध्यक्षांशी, कॅप्टनचं ऐकतील.

"तू उगाच मनाला लावून घेतोयस रे," आदित्य म्हणाला. "कपात काय, हातात काय. सरबत तेच ना?"

"मग तू पी हातातून."

"मी कुठे कीपर आहे?"

एवढं बोलून तो बूट बांधायला लागला. त्याला आपण काय बोललो ते कळलंसुद्धा नव्हतं.

तो मोसम मी रागाने खेळलो. फर्नांडिस सर म्हणायचे, शांत हो, उडी लवकर घेतोयस. मी शांत झालो नाही. पण बॉल आत जाऊ दिला नाही. फायनलला शेवटी पेनल्टी बसली आमच्यावर. मी ती डावीकडे झेपावून बाहेर काढली. आदित्य पळत आला आणि माझ्या अंगावर पडला, चिखलात आम्ही दोघं लोळलो. तो रडत होता. माझ्या कानात ओरडत होता, "तुझ्यामुळे रे, तुझ्यामुळे." ते खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं मला विसरता येत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या ताप आलाय म्हण. घरी थांब. दुसऱ्या कीपरला उभं करतील. विषय संपला." त्यांना माझी काळजी होती. माझी गोलातली जागा जाईल ही भीती होती, आणि ती भीती मलाही होती. पण घरी थांबायचं म्हणजे काय? त्यांना त्रास नको म्हणून आपणच नजरेआड व्हायचं. आजोबांच्या गावात हेच तर करायला लावायचे. आणि माझ्या जागी दुसरा कुणी वाकणारच होता.

मी गेलो. फायनलचे ग्लोव्हज घालून गेलो. चिखल न धुता.

तोच हॉल. तीच ओळ. गोष्ट सांगून झाली, गळा भरून आला, टाळ्या झाल्या. डावीकडून कप फिरत आला. माझ्या शेजारी आदित्य होता. त्याने घोट घेतला. मी हात पुढे केले.

"दे."

त्याने कप छातीशी धरला. "नको ना यार," तो पुटपुटला. "प्लीज. सगळे बघतायत."

मी कपाचा एक कान धरला. दुसरा त्याच्या हातात. मी ओढला नाही, नुसता धरला. त्याची बोटं पांढरी पडली. माझं उष्टं त्याला चालत होतं, रस्त्यावर, दोघंच असताना. इथे, या लोकांसमोर, त्याच्या बोटांनी कप सोडला नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो खाली बघत होता. मग मीच हात काढला. त्याने कप माझ्या पाठीमागून पलीकडच्याला दिला.

अध्यक्ष झारी घेऊन समोर आले. "ग्लोव्हज काढ," हसू न सोडता, दातांतल्या दातांत. "वाक जरा."

"कप द्या सर."

"तमाशा करू नकोस. वाक."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्यांना वाटलं असेल, झारी कलली की पोराचे हात आपोआप पुढे येतील. आजवर आले असतील. त्यांनी झारी कलवली. धार सुटली. माझे हात मागेच राहिले. सरबत पांढऱ्या संगमरवरावर पडलं, त्यांच्या चकचकीत बुटांवर उडालं. त्यांनी झारी सरळ करेपर्यंत अर्धी रिकामी झाली होती.

"पुसून घ्या कुणीतरी," अध्यक्ष म्हणाले.

कुणीतरी म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत होतं. दाराशी झाडलोट करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्या फडकं घेऊन आल्या, माझ्या आईच्या वयाच्या. खाली वाकणार तोच मी बोललो.

"मावशी, तुम्ही नका पुसू. ज्याने सांडलं तो पुसेल."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांकडे बघितलं. मग फडक्याची नीट घडी घातली, सरबताच्या शेजारी जमिनीवर ठेवली आणि आल्या तशा निघून गेल्या. त्या फडक्याकडे सगळे बघत राहिले. एवढी शिकलेली माणसं, एकानेही ते उचललं नाही. बाजूने पाय वाचवत जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मावशींना शोधलं. त्यांना तळघरातल्या संडासांवर टाकलं होतं. मी माफी मागायला लागलो तर त्या चिडल्या. "तुझ्यासाठी नाही केलं," म्हणाल्या. "माझी कंबर माझी आहे."

मला अध्यक्षांनी निरोप पाठवला आहे: पुढच्या वर्षी गोलातली जागा गृहीत धरू नकोस. आदित्य समोर आला की फोन बघत निघून जातो. दोन-तीन पोरांनी व्हिडिओ पाठवून खाली लिहिलं, भावा, मस्त. सगळ्यांसमोर मात्र त्यातला एकही बोलला नाही. त्यांचं ते 'मस्त' मी ठेवून घेतलेलं नाही.

कार्यक्रमाच्या रात्री घरी आजोबांनी स्टुलावरून उठून फक्त एवढंच विचारलं, "सांडलं?"

"सांडलं."

"दुसऱ्यांदा दिलं?"

"मागितलंच नाही."

त्यांनी मान हलवली आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

मी टीम सोडलेली नाही. कॉलेजही सोडणार नाही. ती जागा मला कुणी दान दिलेली नाही, ती मी अंगावर बॉल घेऊन मिळवली आहे. मला काढायचं असेल तर माझ्यापेक्षा चांगला कीपर आणावा लागेल, आणि तो येऊ नये म्हणून मी रोज सकाळी मैदानात पडतो, उठतो, पडतो. पुढच्या वर्षी त्या ओळीत मी पुन्हा उभा राहणार. कप माझ्या हातात आला तर मी पिईन, सगळ्यांसारखा, सगळ्यांचं उष्टं. नाही आला तर झारी पुन्हा त्यांच्याच बुटांवर रिकामी होईल. मला टीममधून काढलं तर मी प्रेक्षकांत उभा राहीन आणि झारी उचलली जाताना मोठ्याने सांगेन, की ज्या हातांनी कप आणला त्यांना तो का दिला नव्हता.

आणि माझ्या जागी गोलात जो कुणी येईल, घोडपदेवचा असो नाहीतर दादरचा, त्याला मी आधी झेप शिकवणार नाही. आधी एकच गोष्ट शिकवीन. अंगठे आत घ्यायचे नाहीत. कुणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी नाहीत.